कापड खोटं बोलत नाही

३ नोव्हेंबर, सोमवार

दोन वह्या आणल्या. एक त्या लोकांसाठी, एक माझ्यासाठी. ही माझी.

‘ते लोक’ म्हणजे वजन उतरवणाऱ्या सर्जनबाईंचा दवाखाना. वीस तारखेला सकाळी साडेदहाला तिथे माझी पहिली भेट आहे. तोवर रोज काय खाल्लं, किती चाललो ते लिहून आणायचं आणि आठ पानी फॉर्म भरायचा. लेकीने फोनवर सगळं वाचून दाखवलं आणि शेवटी म्हणाली, “बाबा, खरं लिहा हं.” जणू मी जन्मभर खोटंच लिहीत आलो!

हे सगळं गुडघ्याच्या डॉक्टरांमुळे. ते म्हणाले, “काका, या वजनावर मी गुडघ्याला हात लावणार नाही. तीस किलो उतरवा, मग या. नाहीतर वर्षभरात काठी आणि नंतर चाकाची खुर्ची.” त्यांच्या काट्याने माझं वजन एकशे अठ्ठावीस दाखवलं. मी तिथेच सांगितलं, काटा बिघडलाय. ते हसले. शिंप्याचं कोण ऐकतो?

पण हिशेब सरळ आहे. अकरा वर्षांपूर्वी डोळे अधू झाले, गुडघे कुरकुरू लागले, म्हणून दुकान बंद केलं. तेव्हा माझं वजन एकशे चार आणि कंबर चव्वेचाळीस. शेवटच्या ताग्यातल्या राखी कापडातून स्वतःसाठी तीन पँटी शिवल्या. त्यातली एक वाऱ्याने वाळत घातल्या जागेवरून उडाली म्हणे. उरलेल्या दोन आजही घालतो. आणि अगदी बेतशीर बसतात. पट्टा मी कधी बांधला नाही. पट्टा बांधणं म्हणजे शिंप्यावर अविश्वास. मग कंबर तीच असेल तर चोवीस किलो वाढून बसले कुठे? टाळूवर? काटा खोटं बोलेल, कापड खोटं बोलत नाही.

तेव्हा माझा बेत असा, की सर्जनबाईंकडे जायचं, मापांची जुनी वही पुढे ठेवायची आणि नम्रपणे पटवून द्यायचं की घोटाळा काट्याचा आहे, माझा नाही. लेकीला यातलं काही बोललो नाही. बिचारीने नंबर लावायला किती खटपट केली! तिचे उपकार मी विसरणार नाही. म्हणून जाईन. चहा पिऊन परत येईन.

एक कोडं मात्र सुटत नाही. ही, म्हणजे माझी बायको, वर्षभर या शस्त्रक्रियेच्या विरोधात होती. “बरं चाललंय की! कशाला पोटात सुरी?” असं म्हणायची. गेल्या महिन्यात एका दुपारी इस्त्री करता करता हात थांबला आणि म्हणाली, “लेकीला सांगा, नंबर लावून टाक.” मी कारण विचारलं. म्हणाली, “आता माझ्या हातात काही उरलं नाही.” मोठी माणसंसुद्धा कधीकधी उगाच खचतात.

४ नोव्हेंबर, मंगळवार

चालण्याचा आरंभ. मी मिनिटं मोजत नाही, कडवी मोजतो. शाळेत मराठीचे मास्तर एकेक कविता आमच्याकडून अशी घोटून घ्यायचे की अजून झोपेतून उठवा, म्हणून दाखवीन. पहिल्या कडव्याला फाटक, दुसऱ्याला औषधाचं दुकान, चौथ्याला कोपऱ्यावरचा बाक. शाळेत असताना शार्दूलविक्रीडित म्हटलं की बाराव्या अक्षरावर श्वास घ्यायचा, त्याआधी घेतला तर मास्तरांची छडी. आज पाचव्या अक्षरावरच थांबावं लागलं. मास्तर असते तर हात लाल झाला असता.

बाकावर बसून खूप वेळ त्या वर्गाचा विचार केला. तेल लावलेली बाकं, खिडकीतून फळ्यावर पडणारं ऊन, त्या उन्हात तरंगणारी खडूची भुकटी. जगात इतकं सुंदर काही परत पाहिलं नाही.

त्यांच्या वहीत: उकडलेली भाजी, अर्धी वाटी भात. चाललो.

६ नोव्हेंबर, गुरुवार

फॉर्मचं तिसरं पान. ‘झोपेत श्वास थांबतो असं घरातल्या कोणी सांगितलं आहे का?’ मी ‘नाही’ लिहिलं. ही भाजी निवडत होती, म्हणाली, “‘हो’ लिहा.”

“तुला काय माहीत? तू तर आडवी झालीस की गाढ.”

बघितलं तर मटाराची शेंग हातात तशीच धरून बसल्या बसल्या डुलकी लागलेली. हल्ली सकाळच्या चहालाही पेंगते. डोळ्यांखाली काळं आलंय. वय झालं तिचं. मी हळूच शेंग काढून घेतली आणि बाकीचे मटार मीच सोलले. थोडे खाल्ले. कच्चे मटार मोजत नसावेत.

उत्तर ‘नाही’च ठेवलंय.

९ नोव्हेंबर, रविवार

लेक आली होती. येताना काचेचा चपटा वजनकाटा घेऊन आली आणि माझ्या पायाशी ठेवला, मांजरापुढे दूध ठेवतात तसा.

“चढा.”

“जेवणानंतर माणसाने वजन करू नये.”

“मग जेवणाआधी का नाही चढलात?”

“उपाशीपोटी चक्कर येते.”

“आई, बघ गं यांचं! शंभर वर्षं जगायचंय आणि आरसासुद्धा नको.”

ही म्हणाली, “त्यांना नको ओरडू. वीस तारखेला होईल काय व्हायचं ते.” आणि काटा उचलून पलंगाखाली सरकवला. किती समजूतदार! माझी बाजू घेणारं घरात एक तरी माणूस आहे, हे माझं भाग्य.

मी फॉर्मच्या पाठीवर दोन ओळी केल्या होत्या, त्या दोघींना वाचून दाखवल्या:

देह म्हणजे ओझे नाही, देह म्हणजे होडी,
पैलतीर दिसेस्तोवर वल्हवू थोडी थोडी.

लेक म्हणाली, “छान आहे.” ही म्हणाली, “होडीत कोण बसलंय ते आधी बघा. वल्हवायच्या आत बुडेल.”

खूप हसलो. हसता हसता धाप लागली आणि दोघी एकदम गप्प झाल्या.

आणखी एक. घरातली ताटं बदलली आहेत. मोठी ताटं म्हणे वर ठेवली. तिघांनाही लहान ताटल्या, तिघांनाही तेवढाच भात. मी विचारलं, तुम्ही का? लेक म्हणाली, “आम्हालाही बारीक व्हायचंय.” ती तर आधीच काडी आहे. हल्लीच्या मुलींना किती सोस!

१० नोव्हेंबर, सोमवार

ही खासगी वही आहे, तेव्हा लिहून टाकतो.

चौथ्या कडव्याच्या बाकासमोर बेकरी आहे. तिथे बरीच वर्षं रोज सकाळी पोस्टमास्तर भेटतो. तो आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतो, मी दुसऱ्या मजल्यावर. तीस वर्षं माझं गिऱ्हाईक होता. निवृत्त होऊनही तो पोस्टमास्तरच आहे आणि मला अजून ‘मास्टर’ म्हणतो. आम्ही दोन-दोन बनपाव आणि लोणी घेतो. तो अर्धा खातो. त्याचा उरलेला दीड मी वाया जाऊ देत नाही.

आज तो म्हणाला, “मास्टर, तुमच्या ऑपरेशनचं ऐकलं. वहिनी जिन्यात भेटल्या होत्या. रडत होत्या.”

“ती? छे! कांदा चिरत असेल.”

“जिन्यात?”

मी विषय बदलला.

त्यांच्या वहीत: चाललो, तीस मिनिटं. हे खरंच आहे. बसलो ते लिहायला जागाच नव्हती.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

‘वजनाचा इतिहास : कोणत्या वर्षी किती?’ हे पाचवं पान. दुकान बंद केलं तेव्हाचं सोडलं तर वजनं मला कुठली आठवायला! पण मापांची वही आहे. ट्रंकेतून काढली. कोपरे कुरतडलेले, पण अक्षर अजून मोत्यासारखं. (माझं नव्हे, हिचं. माप मी घ्यायचो आणि आकडे ही लिहायची.)

स्वतःचं पान शोधलं. लग्नाच्या कोटाचं माप: कंबर अठ्ठावीस. अठ्ठावीस! लेक झाली त्या वर्षी बत्तीस. पुढे दुकानाला दुसरं यंत्र आलं, मी दिवसभर बसून शिवू लागलो: छत्तीस. मग चाळीस. शेवटची नोंद चव्वेचाळीस, आणि खाली रिकामी जागा. त्या पानावरून बोट फिरवताना वाटलं, हीच माझी कविता. प्रत्येक कडव्यात चार इंच.

सगळे आकडे फॉर्मवर उतरवले. चव्वेचाळीसपुढे ठळक लिहिलं, ‘तेव्हापासून आजपर्यंत स्थिर.’

फक्त एकदा गडबड झाली होती. दुकान बंद केल्याच्या पुढच्या थंडीत एका सकाळी पँटीचा हूक लागेना. तो दिवस फार वाईट गेला. दुसऱ्या दिवशी लागला. वात धरला असणार. शरीर असंच, आज फुगतं, उद्या बसतं.

पुरावा ताजा असावा म्हणून हिला म्हटलं, टेप घे, कंबर मोज. म्हणाली, “हात ओले आहेत.” तासाने म्हटलं, तर टेप सापडेना. चाळीस वर्षं ज्या खिळ्याला टेप टांगलेला, त्या खिळ्याला आज टेप नाही! म्हातारपणी वस्तूसुद्धा घर सोडून जायला लागतात.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज जिन्यात बसावं लागलं. पहिल्या मजल्याच्या वळणावर. छातीत भाता चालल्यासारखा आवाज. पोस्टमास्तराच्या सुनेने पाणी दिलं. तिने हात धरून उठवायला बघितलं, जमलं नाही. मग पोस्टमास्तर आला, तो एक बाजूला, ती एक बाजूला. उठलो. माझ्या वजनाबद्दल तिने एक अक्षर काढलं नाही, उलट म्हणाली, “काका, गच्चीवर जाताना मीसुद्धा रोज इथेच दम खाते.” देवमाणूस. पंचवीस वर्षांची पोर, ती कशाला दम खाते!

घरी आलो आणि पहिल्यांदा भीती वाटली. काटा खराब, ठीक. पण जिनाही खराब?

१७ नोव्हेंबर, सोमवार

दुपारी चालायला गेलो आणि फाटकापासूनच परत आलो. जेमतेम एक कडवं झालं. दार आतून बंद. पुष्कळ वेळाने हिने उघडलं. शिलाई यंत्रावरचं कापड काढलेलं होतं.

“काय शिवतेस?”

“उशीचा अभ्रा.”

अभ्रा पांढरा आणि सुईत दोरा राखी. डोळे गेले बिचारीचे. हिला मी काज, बटणं, टीप यांच्यापलीकडे कधी जाऊ दिलं नाही, ते बरंच केलं.

संध्याकाळी वीस तारखेची तयारी म्हणून राखी पँट पाहिली. मागचा खिसाच नाही! खिशाच्या जागी सपाट कापड. बहुधा शिवताना मीच ठेवला नसेल. मागे काय आहे हे माणसाला स्वतःला कुठे दिसतं?

१९ नोव्हेंबर, बुधवार

उद्या. फॉर्म भरून तयार, मापांची वही पिशवीत, पँटीला कडक इस्त्री. सर्जनबाईंपुढे काय बोलायचं त्याची मनात तीनदा उजळणी केली, कवितेच्या स्पर्धेआधी करायचो तशी. लेक उद्या रजा घेऊन येतेय. हिने न विचारता माझे बूट पुसले. मला वाकता येत नाही म्हणून गेली सहा वर्षं ही बुटाच्या नाड्याही बांधते, हे आज लिहिताना प्रथमच जाणवलं. माणूस किती गोष्टी फुकट घेत राहतो.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सगळं क्रमाने लिहितो.

दवाखान्याची बसायची खोली पाहूनच जीव निवांत झाला. खुर्च्या रुंद, हात नसलेल्या. कुठल्याही दवाखान्यात मी भिंतीला टेकून उभा राहतो, कारण खुर्चीत अडकून बसण्याची लाज वाटते. इथे बसलो. ज्याने त्या खुर्च्या निवडल्या त्याला माझे मनापासून धन्यवाद.

नर्सने काट्यावर उभं केलं. एकशे एकोणतीस. “तुमचाही बिघडलाय,” मी म्हणालो. ती हसली नाही, फक्त लिहिलं. मग कंबरेला टेप लावला. “एक्कावन्न.”

“बाई, टेप ताणलाय तुमचा. कापडी टेप वर्षभरात अर्धा इंच सैल होतो. चाळीस वर्षं धंदा केलाय मी.”

“काका, अर्धा इंच म्हणालात. सात नाही.”

“माझा टेप असता तर दाखवलं असतं!”

तेव्हा हिने पर्स उघडली आणि माझा टेप बाहेर काढला. पितळी टोकाचा. मी काही विचारायच्या आत तिने तो माझ्या कंबरेभोवती घातला. चाळीस वर्षं तिने आकडे लिहिले, पण टेप माझ्या हातात असायचा. आज प्रथमच तिच्या हातात. हळूच म्हणाली, “एक्कावन्न आहे हो.”

तरीही मी ऐकलं नाही. सर्जनबाईंच्या खोलीत गेलो आणि पाठ केलेलं सगळं भाषण म्हटलं. बाई लेकीच्याच वयाच्या, केसांत मध्येच एक पांढरी बट. शांतपणे ऐकून घेतलं. मापांची वही हातात घेऊन एकेक पान उलटलं. “सुंदर आहे ही वही,” म्हणाल्या. “म्हणजे अंगावरची पँट चव्वेचाळीसची?”

“माझ्या हातची. अकरा वर्षं सुताचा फरक नाही.”

“अहो, पुरे,” ही म्हणाली.

लेक तिच्याकडे बघू लागली. मीही.

“मी सोडली ती. चार वेळा.” ती माझ्याशी नाही, सर्जनबाईंशी बोलत होती. “दुकान बंद झालं त्या थंडीत एके दिवशी यांचा हूक लागेना. पँट मांडीवर घेऊन दुपारपर्यंत पलंगावर बसून होते. जेवले नाहीत. बोलले नाहीत. आमच्या घरात सकाळी उठल्यापासून कविता चालू असते, बाई. त्या दिवशी घरात कविता नव्हती. मला सहन झालं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मागची शिवण उसवून दोन इंच सोडली. हूक लागला. हे खुशीत बाहेर गेले.”

“मग?”

“मग लेकीचं लग्न झालं त्या वर्षी दोन इंच. आतली माया, म्हणजे शिवणीत दुमडलेलं जास्तीचं कापड, तिथे संपली. पुढे ट्रंकेत राखी तुकडा होता, त्याची पाचरीसारखी कळी घातली, दीड इंच. ते चार वर्षांपूर्वी. मग तिसरी पँट फाडून तिचं कापड घेतलं, पुन्हा दीड इंच.”

“उडाली नव्हती?” मी विचारलं.

“नाही.”

“आणि खिसा?”

“परवा शिवण उसवली. आत धरायला काही नव्हतं. खिसा काढून पट्टी लावली.” तिने पदर डोळ्यांना लावला. “गेल्या महिन्यातच कळलं होतं, आता कापड संपलं. कापड असतं ना बाई, तर अजूनही मी आले नसते. हीच माझी चूक.”

सर्जनबाईंनी पेन उचललं. “काकू, पुन्हा सांगा. वर्षं आणि इंच.” आणि माझ्या ‘स्थिर’वर एक रेघ मारून त्याखाली हिचे चारही आकडे ओळीने लिहून घेतले. मग विचारलं, “झोपेत श्वास थांबतो?”

“थांबतो. मी कोपर मारते. मग परत सुरू होतो.”

“रोज?”

“तीन वर्षं झाली.”

मला माझ्या फॉर्मवरचा तो ‘नाही’ दिसत होता. मटाराची शेंग आठवली.

बाईंनी मग माझी खाण्याची वही उघडली. “काका, सोळा दिवस उकडलेली भाजी. यावर माणूस वाळतो.”

लेकीसमोर बोलायचं म्हणजे संकट. पण बायको सगळं उसवून बसली होती, मी काय झाकणार? म्हणालो, “बेकरी आहे कोपऱ्यावर. दोन बन, लोणी लावून. कधी साडेतीन.”

“बाबा!” लेक ओरडली.

“ओरडू नका,” सर्जनबाई म्हणाल्या. “खरी भेट आत्ता सुरू झाली.” मग माझ्याकडे वळल्या. “काका, गिऱ्हाइकाने तुम्हाला चुकीचं माप दिलं असतं तर तुम्ही कात्री लावली असती?”

“नाही.”

“मीही नाही लावणार.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. आज काहीच ठरत नाही. वय आड येत नाही, पण आधी झोपेची तपासणी, हृदयाची तपासणी, तीन महिने आहाराची शिस्त, आणि तेवढ्यात जे उतरेल ते उतरवायचं. मग बसून ठरवू, शस्त्रक्रिया करायची की नाही. मी विचारलं, पोट शिवताना टाका कोणता घालता? म्हणाल्या, हल्ली बारीक पिना मारतो, एका ओळीत. मला ते मुळीच आवडलं नाही. माझ्या चेहऱ्यावरून त्यांनी ओळखलं असावं. “कधीकधी त्यावरून टाकाही घालते.” तेव्हा कुठे बरं वाटलं. शेवटी पिन ती पिन.

निघताना हिला म्हणाल्या, “काकू, पुढच्या प्रत्येक भेटीला तुम्ही यायचं.”



२१ नोव्हेंबर, शुक्रवार

काल हिच्याशी बोललो नाही. आज दुपारपर्यंतही नाही. राग वजनाचा नव्हता. राग धंद्याचा होता. चाळीस वर्षं लोकांची शिवण बोटाने चाचपून ‘ही कोणाच्या हातची’ सांगणारा मी, आणि माझ्याच अंगावरची सोडलेली शिवण मला अकरा वर्षं कळली नाही!

दुपारी ही आडवी झाल्यावर राखी पँट उलटी केली आणि भिंग घेऊन खिडकीपाशी बसलो. तासभर बघत होतो.

काय काम आहे! कळी घातली तर कापडाची उभी वीण मूळ विणीला इतकी तंतोतंत मिळवलेली की जोड शोधावा लागतो. जुन्या सुईची भोकं पाण्याने आणि इस्त्रीने बुजवलेली. कमरेच्या पट्टीचा जोड बरोब्बर मागच्या लूपखाली लपवलेला. मी स्वतः केलं असतं तर उजव्या कडेला जरा सुरकुती राहिली असती. इथे ती नाही. आणि हिला मी काज-बटणांपलीकडे जाऊ दिलं नाही. गिऱ्हाइकं म्हणायची, ‘मास्टर, तुमच्या हाताला जादू आहे,’ आणि ही मागच्या स्टुलावर बसून बटणं लावायची.

भिंग खाली ठेवलं. ती झोपली होती. दिवसाउजेडी, तोंड उघडं टाकून, पोरासारखी. तीन वर्षांची झोप बाकी आहे तिची. मी खुर्ची दारात ओढून बसलो. बेल वाजण्याआधी मला दिसावं कोणी आलं तर.

ती उठल्यावर म्हणालो, “वीण छान मिळवलीस.”

“अहो, तुम्ही बाहेर गेलात की दुपारचा उजेड चांगला असतो त्या खिडकीत,” ती म्हणाली. आणि दोघंही इतके हसलो की मला परत बसावं लागलं. या वेळी ती गप्प झाली नाही. “श्वास घ्या आधी,” म्हणाली, “मग हसा.”

२३ नोव्हेंबर, रविवार

त्यांच्या वहीत कालपासून दोन्ही बन लिहितो. काल दोन. आज एक. पोस्टमास्तराला सांगितलं, तुझा तू पुरता खा. तो म्हणाला, “मास्टर, मला गोड सोसतच नाही. तुम्हाला सोबत म्हणून घेत होतो.” बघा. एवढी वर्षं दोघंही एकमेकांसाठी खात होतो.

लेकीबरोबर जाऊन काल कापड आणलं होतं. निळं, जाडसर. दोन तपासण्या आहेत, त्यांना जायला नवी पँट हवी, खऱ्या मापाची. जुन्या पँटीवरून मला कधीच काही कळलं नाही. ही सैल झाली तर मला पहिल्यांदा कळलं पाहिजे आणि घट्ट झाली तरीही. हिने विचारलं, आत किती सोडू? मी म्हणालो, शिवणीपुरतं, अर्धा इंच, त्यावर एक सूत नाही.

“बघा हं.”

“बघितलं.”

आज सकाळी गॅलरीत उजेडात टेबल लावलं. कापण्याचं काम मी बसून करणार, यंत्रावर ती. यंत्रावर ती बसणार म्हटल्यावर माझी खुर्ची मी उचलून द्यायला गेलो, ती म्हणाली, “नका उचलू, मला स्टुलाची सवय आहे.” मी म्हणालो, “म्हणूनच.” खुर्ची लेकीने ठेवली.

मग मी हात वर करून उभा राहिलो. हिने टेप घातला. लेक मापांची वही उघडून, पेन हातात धरून. माझंच पान, चव्वेचाळीसच्या खालची रिकामी जागा. ही आकडा माझ्या कानाशी पुटपुटली.

“लेकीला ऐकू नाही आलं,” मी म्हणालो. “मोठ्याने सांग.”

“एक्कावन्न!” ती ओरडली. एवढा आवाज तिने आमच्या लग्नातसुद्धा काढला नसेल.

खाली अंगणात पोस्टमास्तर कुंड्यांना पाणी घालत होता. त्याने मान वर केली. “काय एक्कावन्न? कोणाचं?”

मी कठड्याला धरून वाकलो आणि पोटातून जेवढा श्वास निघाला तेवढ्यात सांगितलं,

“माझं!”